हाडाच्या जागी नळकांडं

दौलत गांगुर्डे गेल्यावर त्याच्या नावाने निघालेली स्मरणिका मला घरपोच आली. तिच्यात त्याच्यावर दोन मोठे लेख आहेत. पहिला आमच्या तंत्रनिकेतनातल्या एका निवृत्त प्राध्यापकाचा, दुसरा आमच्याच वसाहतीतल्या युवक मंडळाच्या अध्यक्षाचा. पहिल्या लेखाप्रमाणे दौलतला हाडामांसाची किळस कधी वाटली नाही, आणि ही देणगी त्याला ‘परंपरेने’ मिळाली होती. दुसऱ्या लेखाप्रमाणे समाजाने त्याला डोक्यावर घेतले, आईने आशीर्वाद दिला, आणि तो परदेशातून परतला तेव्हा विहारात टाळ्यांचा कडकडाट झाला.

दोन्ही लेखकांना मी ओळखतो. पहिल्याला आपण लिहिले ते खरेच वाटते, ही त्याची अडचण. दुसरा विहारातल्या त्या दिवशी पाळण्यात होता. मी मात्र दोन्ही ठिकाणी हजर होतो. तंत्रनिकेतनात मी ड्रॉइंग शिकवत असे, आणि वसाहतीत दौलतच्या आणि माझ्या घराची मधली भिंत एकच होती. आता माझे वय असे आहे की मला कोणाची भीड उरलेली नाही. म्हणून हे उत्तर.

आधी किळसेविषयी. दौलतइतका स्वच्छतेचा वेडा माणूस मी पाहिलेला नाही. पांढरा सदरा, बाह्या कोपरापर्यंत एकसारख्या दुमडलेल्या, खिशात घडीचा रुमाल आणि रुमालात गुंडाळलेले भिंग. त्या भिंगाने तो मोडलेल्या वस्तू पाहायचा. चहाच्या टपरीवर कपाचा कान निखळला, कोणाच्या चपलेचा अंगठा तुटला, सायकलचा आरा मोडला, की दौलत तिथे. त्याचे एक ठरलेले वाक्य होते, “मोडलं कुठं ते कोणीही सांगेल. सुरुवात कुठून झाली ते बोला.” अप्लाइड मेकॅनिक्सच्या पहिल्याच तासाला तो खडू दोन्ही हातांत धरून पिळायचा. खडू तिरक्या, वळणाच्या रेषेत तुटे. मग तो ते दोन तुकडे वर्गात फिरवायचा आणि ते सगळ्यांच्या हातून जाऊन परत येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. पोरांनी त्याचे नाव ‘मोडके सर’ ठेवले होते. त्याला ते आवडत असे.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात नवरदेवाचे मामा मांडवात काठीसकट कोसळले. सगळे मामांकडे धावले, दौलत काठीकडे. मी संतापून म्हणालो, “अरे, माणूस पडलाय तिथं.”

“मामांना बघायला पन्नास जण आहेत,” तो भिंग काढत म्हणाला. “हिला बघायला कोण आहे?”

काठीच्या आत कीड निघाली. मामांना काही झाले नव्हते. पण ते माझ्या घरचे पाणी न पिता गेले.

हाडांकडे तो स्वतःहून वळला नाही. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात डॉक्टर साठे नावाचे हाडांचे शल्यचिकित्सक एक दिवस तंत्रनिकेतनात आले. पेठकडच्या एका गाडीवानाच्या मांडीचे मोडलेले हाड त्यांनी पोलादी पट्टी आणि स्क्रू लावून जोडले होते, आणि काही महिन्यांत ती पट्टीच आतल्या आत मोडली होती. मोडलेली पट्टी घेऊन ते दौलतकडे आले, ते पट्टी बनवणाऱ्याविरुद्धच्या तक्रारीला आधार शोधत.

“पोलाद कच्चं आहे, एवढं लिहून द्या,” डॉक्टर म्हणाले.

दौलतने पट्टी खिडकीशी नेली. “पोलाद चांगलं आहे, साहेब. या रिकाम्या भोकाच्या कडेपासून सुरुवात झालीय. हे भोक बरोबर हाडाच्या मोडीवर आलं होतं का?”

“आलं होतं.”

“आणि माणूस उकिडवा बसत होता.”

“मी बसू नको म्हणून बजावलं होतं.”

“मग त्यानं परसाकडे कसं जायचं, तेही सांगितलं होतं का?”

साठे मोठ्याने हसले. दुसऱ्या माणसाने अपमान समजला असता. त्या दिवसापासून दोघांची मैत्री जुळली आणि दौलतला त्याच्या आयुष्याचा विषय मिळाला. पट्टी कुठे बसवली, स्क्रू किती घट्ट केले, माणूस कसा बसतो-उठतो, यावर ती किती काळ टिकेल, हे मोजायचे. त्यासाठी पट्टी हाडावर बसवून ते हाड यंत्रात दाबून पाहावे लागते. लाकूड चालत नाही, लोखंडी नळी चालत नाही. माणसाचे हाड मिळण्यासारखे नव्हते, बकऱ्याचे बारीक पडे. राहिले म्हशीचे.

जुन्या नाशकात रहीमभाईंचे म्हशीच्या मटणाचे दुकान होते. पहिल्या दिवशी मी दौलतबरोबर गेलो होतो. रहीमभाईंनी मागितलेला माल ऐकून मान तिरकी केली. “सिर्फ हड्डी? गोश्त किसके लिए छोड़ रहे हो, मास्टर?” त्यांनी हाड कागदात बांधून दिले तेव्हा दौलतचे हात पुढे झाले नाहीत. पिशवी मी उघडून धरली.

तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमागे एका चिंचेखाली तो ते हाड खरवडायला बसला. थोडेसे मांस निघाले असेल नसेल, तो उठला आणि भिंतीशी जाऊन ओकला. परत आला, बसला, पुन्हा उठला. त्या दुपारी मी त्याचे कपाळ धरून उभा होतो. काम संपल्यावर त्याने लाल साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, सदरा बदलला आणि पुन्हा हात धुतले. त्यानंतर त्याने जन्मात मटण खाल्ले नाही. माझ्या घरी रविवारी त्याच्यासाठी वांग्याचे भरीत वेगळे होई. ज्या गृहस्थाला या माणसाच्या ठायी किळसेचा अभाव आणि परंपरेची देणगी दिसली, त्यांनी त्या चिंचेखाली एकदा यायला हवे होते. स्टाफरूमच्या खिडकीतून ती चिंच दिसत होती.

हाड दाबायला यंत्र होते ते काँक्रीटचे ठोकळे फोडायचे. वाळलेले हाड वेगळे वागते, म्हणून दौलत ते मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून आणायचा आणि ओलेच यंत्रात ठेवायचा. काम झाले की यंत्र स्पिरिटने पुसून काढायचा. काही आठवडे हे सुरळीत चालले. मग विभागप्रमुख एकदा दारात येऊन पाहून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा यंत्रावर गोमूत्र शिंपडलेले होते, पायाशी नारळ फोडलेला होता, हळदकुंकू वाहिलेले होते, आणि खोलीची किल्ली प्रमुखांच्या टेबलाच्या खणात गेली होती. स्मरणिकेतल्या लेखात या प्रसंगावर एक वाक्य आहे, ‘काही तांत्रिक कारणांमुळे यंत्र उपलब्ध होऊ शकले नाही.’

मधल्या सुटीत स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणाले, “काय गांगुर्डे, एवढं शिकून शेवटी मूळ पदावरच आलात की.” हसणारे हसले. हे वाक्य कोणाचे होते ते मला ठाऊक आहे, आणि परंपरेवरचा लेख वाचल्यावर वाचकांनाही त्याचा अंदाज येईल.

दौलतने चहा संपवला, कप बशीत ठेवला. “त्या यंत्राला कोरडं फडकं मारून घ्या,” तो म्हणाला. “गोमूत्रात क्षार असतात. दाबायच्या भागाला गंज चढेल.”

हे इथवर सांगितले की आमच्या वसाहतीतली मंडळी खूश होतात. सभेत सांगा म्हणतात. पुढचे सांगू लागलो की चुळबूळ सुरू होते. पण पुढचे झाले आहे.

दौलतचे मूळ गाव सिन्नरकडचे. धम्म घेतला त्या वर्षी तिथल्या आमच्या माणसांनी ठरवले, मेलेले जनावर ओढायचे नाही. मग गावातल्या एका बड्या शेतकऱ्याचा बैल मेला. दौलतचे वडील आणि त्यांचे मित्र तुकारामबाबा यांना बोलावणे आले, ते गेले नाहीत. दोघांना चावडीसमोर मारले. वडिलांचा एक कान कायमचा गेला. गावाने विहीर बंद केली, दुकान बंद केले. तेव्हा ही दोन्ही कुटुंबे नाशकात आली. दौलतची आई ठकूआई भाजीबाजारात कांदे निवडायला जाई आणि त्यातून तिने पोराला इंजिनिअर केले. वडील तोपर्यंत गेले होते. त्या घरात मेलेल्या जनावराला हात न लावणे म्हणजे काय होते, हे बाहेरच्याला कळायचे नाही.

यंत्रावर गोमूत्र शिंपडल्याची बातमी तिच्यापर्यंत बाजारातून आली. संध्याकाळी दौलत सायकल लावून आत शिरत होता, ती उंबऱ्यात उभी राहिली. मी ओट्यावर होतो. तिने आधी मलाच विचारले होते, आणि मी खोटे आहे म्हणून सांगितले होते.

“मास्तर सांगत व्हते का खोटं हाय. खोटं हाय का रे?”

“खरं आहे, आई.”

“म्हशीचं?”

“हाडच फक्त. अभ्यासासाठी.”

“तुह्या बापानं कान दिला, पन हात नाय लावला. आन् तू पगार घिऊन हात लावतो?”

दौलतकडे उत्तर होते. मी ते त्याच्या तोंडून अनेकदा ऐकले होते, की वडिलांवर सक्ती होती आणि माझी निवड आहे. आईला ते न सांगता तो मागे वळून सायकलला कुलूप लावू लागला.

त्या दिवसापासून ठकूआईने त्याचे ताट वेगळे केले. तो दाराजवळ बसे. माठाला हात लावायची त्याला बंदी होती. पाणी ती वरून ओतायची, तो ओंजळ धरायचा. ज्या माणसांना गावाने असेच पाणी पाजले होते, त्यांच्या घरात हे चालले होते. हे मी भिंतीपलीकडून ऐकलेले नाही, डोळ्यांनी पाहिलेले आहे. मी एकदा बोललोही. “ठकूआई, अहो पोरगा आहे तुमचा.”

“पोरगा हाय म्हनून घरात हाय, मास्तर.”

युवक मंडळाच्या अध्यक्षाला मी हे सांगितले होते. त्याने छापले नाही. म्हणाला, “काका, विरोधकांच्या हाती कोलीत कशाला?” मी म्हणतो, गोमूत्राची गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची आणि ओंजळीची गिळायची, हा हिशेब मला जमत नाही. मला दोन्हींची लाज वाटते, आणि दुसरीची जास्त, कारण ती घरातली आहे.

काही दिवसांनी दौलत आईला म्हणाला, “सोडलं ते काम.” ताट पुन्हा आत आले. काम सुटले नव्हते. डॉक्टर साठ्यांनी आपल्या दवाखान्यामागची पत्र्याची खोली त्याला दिली होती. तिथे त्याने पाण्याच्या पंपाची जुनी मोटर लावून, हाडावरची पट्टी पुन्हा पुन्हा वाकवणारे यंत्र स्वतः बनवले. ते चालू असले की शेजारच्यांना पिठाची गिरणी वाटे. आज जिथे इंदिरानगरच्या इमारती आहेत तिकडे तेव्हा फुलकोबीची शेते होती. परतताना दौलत त्या बाजूच्या पाटावर थांबून हातपाय धुवायचा आणि मग वळसा घालून घरी यायचा.

साठेच त्याला म्हणाले की या विषयात आता परदेशात मोठे काम चालते, अर्ज कर. अर्जाला लागायचे ते एक निवेदन, केलेल्या कामाचा अहवाल आणि तीन शिफारसपत्रे. आमच्याकडे शिफारसपत्राची रीत अशी की उमेदवाराने स्वतःच मसुदा करून न्यायचा आणि वरिष्ठाने खाली सही करायची. प्रमुखांनीही तेच सांगितले. वर म्हणाले, “ते हाडांचं वगैरे नको. मटेरियल टेस्टिंग म्हणा. संस्थेची शोभा राहील.”

स्मरणिका सांगते की पहिला अर्ज इंग्रजी कच्चे असल्यामुळे फेटाळला गेला. दौलतचे इंग्रजी हे लिहिणाऱ्यापेक्षा चांगले होते. खरे कारण मला माहीत आहे, कारण त्या अहवालातल्या आकृत्या मी काढल्या होत्या.

मी पहिली आकृती पेन्सिलने काढून नेली. मांडीचे हाड, त्याचा बाक, दोन्ही टोकांचे फुगवटे, वर बसवलेली पट्टी. दौलतने ती भिंगाखाली धरली. “छान आहे,” तो म्हणाला. “पण हाड काढून टाक. त्या जागी नळकांडं काढ.”

“नळकांडं?”

“साधं. सरळ.”

“आणि नाव काय द्यायचं?”

“नमुना.”

मी नळकांडे काढले. सबंध अर्जात ‘हाड’ हा शब्द कुठेच नव्हता. निवेदनात नमुना, अहवालात नमुना, प्रमुखांच्या पत्रात मटेरियल. डॉक्टर साठ्यांनाही त्याने तीच विनंती केली. ते वैतागून म्हणाले, “अरे, मी हाडांचा डॉक्टर. मी काय नळाच्या तोट्या तपासतो म्हणून लिहू?” पण दौलतच्या तोंडाकडे पाहून त्यांनीही लिहिले. हाडांच्या अभ्यासासाठी हाडांच्या विभागाकडे असा अर्ज गेला, ज्यात हाड नव्हते. आईला इंग्रजी येत नव्हते, अर्ज तिच्या हाती पडणार नव्हता. तरी त्याचा हात तो शब्द लिहायला वळला नाही.

काही महिन्यांनी नकार आला. खाली तिथल्या प्राध्यापकाने हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या, की तुमची मोजमापे लक्षवेधक आहेत, पण तुमचा नमुना कशाचा आहे हे कळल्याशिवाय त्यांचा अर्थ लावता येत नाही.

दौलतने ते मला वाचून दाखवले आणि हसला. असे हसू मला पुन्हा पाहायचे नाही. “मास्तर, त्याला फक्त विचारायचंय की कशाचा आहे. एवढंच.”

दुसऱ्या वर्षी त्याने निवेदनाचे पहिले वाक्य लिहिले, ‘मी म्हशीच्या मांडीच्या हाडांवर काम करतो.’ मी सुचवले की वडिलांची गोष्टही घाल, वजन पडेल. युवक मंडळाचा लेख म्हणतो की ती घातली होती, आणि तिच्याच बळावर प्रवेश मिळाला. साफ खोटे. तो मला म्हणाला होता, “त्यांनी हाडाबद्दल विचारलंय. बापाला मी त्यांच्या टेबलावर नाही ठेवणार.” प्रमुखांनी मसुद्यातला तो शब्द पाहून सही नाकारली. दौलतने आपल्या जुन्या गुरूंचे पत्र पुण्याहून आणले. मी पुन्हा आकृत्या काढल्या, या वेळी बाकासकट.

प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही. आईला त्याने सांगितले, “पुलांचं शिकायला चाललोय.” ती वसाहतभर तेच सांगत राहिली, माझा दौलत तिकडे पूल बांधायला शिकतो. त्याची पत्रे मीच तिला वाचून दाखवायचो, आणि त्यांत नद्या आणि पूल यांखेरीज काही नसे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तो डॉक्टरेट घेऊन परतला. विहारात सत्कार ठरला. सतरंज्या अंथरल्या, हार आणले, पुढच्या रांगेत तुकारामबाबा आणि म्हातारी माणसे बसली, बायकांच्या बाजूला सर्वांत पुढे ठकूआई, नव्या लुगड्यात. वक्त्यांनी पुलांवर बरेच बोलून घेतले. एकाने तर गोदावरीवरचा पुढचा पूल दौलतच बांधणार असे जाहीर करून टाकले. मग दौलत उभा राहिला. मला वाटले, आभार मानून बसेल. सगळ्यांना तेच हवे होते, मलाही.

“मी पुलांचं शिकलो नाही,” तो म्हणाला. “आईला तसं सांगितलं होतं, ते खोटं होतं. मी हाडांचं शिकलो. जनावरांची हाडं हातात घेऊन, खरवडून, मोडून बघतो. इथं असताना तेच केलं, तिकडं तेच केलं, पुढेही तेच करणार आहे. तुम्ही हार घालण्याआधी तुम्हाला माहीत असावं, म्हणून बोललो.”

टाळी वाजली नाही. एकही नाही. तुकारामबाबांनी गुडघ्यावर हात टेकले आणि ते उठले. दौलतसमोर क्षणभर थांबले.

“तुह्या बापासंगं म्या मार खाल्ला, दौलत.”

“माहीत आहे, बाबा.”

“माहीत हाय ना. बास मंग.”

ते चपला घालून गेले. त्यांच्या मागून म्हातारी माणसे उठली, मग बाया पोरांना काखेत मारून उठल्या, मग आमच्या वयाचे, शिकलेले, ज्यांना सगळे कळत होते. कोणी भांडले नाही. भांडले असते तर बरे झाले असते. लाऊडस्पीकरवाल्याने न विचारता वायर गुंडाळायला घेतली. हार टेबलावर तसेच राहिले.

मी दारात होतो. चपला माझ्याही पायात होत्या.

ठकूआई एकटीच बसून होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला, मान खाली. लोक जाताना तिच्याकडे पाहत होते आणि ती कोणाकडे पाहत नव्हती. विहार रिकामा झाल्यावर दौलत खाली वाकला आणि पुढची मोठी सतरंजी एका टोकाने उचलू लागला. सतरंजी लांब होती, एकट्याला आवरेना. तिचे दुसरे टोक फरशीवरून फरफटत होते.

ती उठली. बाहेर जाईल असे मला वाटले. ती सतरंजीच्या दुसऱ्या टोकाशी गेली, वाकली, आणि दोन्ही कोपरे हातात घेतले.

“झटकून घे आधी,” ती म्हणाली. “धूळ हाय.”

दोघांनी ती झटकली. मग ती एकेक पाऊल त्याच्याकडे चालत आली, तिने आपले कोपरे त्याच्या हातात दिले, आणि घडीचे खालचे टोक उचलायला पुन्हा वाकली. तिने मान वर केली नाही. त्यानेही केली नाही. बऱ्याच सतरंज्या होत्या.